सर्व्हर सारखा पडतो? आधी पडण्याची वेळ लिहून काढा

घरातल्या जुन्या पीसीवर लावलेला माइनक्राफ्टचा, फोटोंचा किंवा गाण्यांचा सर्व्हर वरचेवर बंद पडू लागला की दोन सल्ले हमखास मिळतात. ‘विंडोज काढून लिनक्स टाक’ आणि ‘एकदा रीस्टार्ट मारून बघ’. पहिल्यात रविवार जातो, दुसऱ्यात पुरावा. चार दिवसांनी तोच सर्व्हर नव्या सिस्टिमवरही आडवा होतो, कारण दुखणं सिस्टिमचं नव्हतंच. ते एखाद्या मूळ सेटिंगचं, इन्व्हर्टरच्या मागच्या बटणाचं किंवा राउटरनं बदललेल्या पत्त्याचं होतं.

विंडोज, उबुंटू, मॅकओएस या तिघांच्याही मूळ सेटिंग्ज समोर कुणीतरी बसलंय असं धरून ठरवलेल्या असतात. कुणी माउस हलवला नाही तर झोपायचं, अपडेट आलं तर रात्री रीस्टार्ट घ्यायचा, लॉगिन होईपर्यंत थांबायचं. सर्व्हरसमोर कुणी बसत नाही, म्हणून या सोयी तिथे अडचणी होतात. प्रत्येक सोयीची वेळ मात्र ठरलेली असते. म्हणून सर्व्हर केव्हा पडतो हे चार-पाच वेळा नीट टिपलं, तारीख, वार, घड्याळ, त्या वेळी लाइट गेली होती का, किती जण खेळत होते, तर निम्मं निदान तिथेच होतं.

खाली आज्ञा आणि सेटिंग्जची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टाइप करताना ती इंग्रजी अक्षरांत, आज्ञा लहान लिपीत टाका.

आधी ठरवा: पडलं काय?

‘सर्व्हर बंद आहे’ या तक्रारीमागे चार वेगळ्या गोष्टी असू शकतात: मशीन बंद, मशीन चालू पण झोपलेलं, मशीन जागं पण सर्व्हरचा प्रोग्रॅम मेलेला, किंवा सगळं ठणठणीत पण बाहेरून वाट बंद. रीस्टार्टच्या आधी पाच मिनिटं यासाठी द्या.

फोनचं वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावरून जोडून बघा. मग घरातल्या दुसऱ्या मशीनवरून आतल्या पत्त्यावर, म्हणजे १९२.१६८ ने सुरू होणाऱ्या पत्त्यावर, जोडा. आतून लागतं, बाहेरून नाही, तर सिस्टिमला हात लावू नका. थेट खालचा ‘आतून सगळं ठीक, बाहेरून नाही’ हा भाग वाचा. इथे एक चकवा आहे. घरात बसून बाहेरचा पत्ता टाकला तर बरेच राउटर ती जोडणी परत आत वळवत नाहीत. सर्व्हर बंद आहे असं वाटतं आणि बाहेरचे मित्र मजेत खेळत असतात. म्हणून बाहेरची चाचणी मोबाइल डेटावरूनच करायची.

आतूनही लागत नसेल तर मशीनला पिंग करा, म्हणजे ‘जागं आहेस का’ असं नेटवर्कवरून विचारा. उत्तर आलं तर प्रोग्रॅम मेलाय. नाही आलं तर मशीन बंद, झोपलेलं किंवा केबल सुटलेली. विंडोजचं फायरवॉल मात्र पिंगला गप्प राहू शकतं, तेव्हा स्क्रीन लावून खात्री करा.

मशीन चालू झाल्यावर आधी विचारायचं: मधे रीस्टार्ट झालं का? विंडोजवर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये विंडोज लॉग्ज, त्यात सिस्टिम. ४१ (कर्नल-पॉवर) आणि ६००८ दिसले तर वीज तुटली किंवा मशीन गोठून बंद पडलं. १०७४ दिसला तर कुणीतरी रीतसर रीस्टार्ट दिला. नोंद उघडली की कुणी दिला तेही कळतं, बहुतेकदा अपडेटनंच. टास्क मॅनेजरमधल्या अप टाइमवर मात्र विसंबू नका. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउन करून पुन्हा चालू केलं तरी तो आकडा शून्यावर येत नाही, फक्त रीस्टार्टनं येतो.

लिनक्सवर ‘जर्नलसीटीएल --लिस्ट-बूट्स’ दिलं की आजवरचे सगळे बूट वेळेसकट दिसतात. ‘जर्नलसीटीएल -बी -१ -ई’ मागच्या बूटच्या अखेरच्या ओळी दाखवतं. शेवटी शटडाउनच्या रीतसर ओळी असतील तर कुणीतरी आज्ञा दिली होती. मधेच वाक्य तोडल्यासारखा लॉग संपला असेल तर वीज गेली किंवा मशीन गोठलं. यादीत एकच बूट दिसतोय? मग जर्नल, म्हणजे सिस्टिमची नोंदवही, फक्त मेमरीत साठतंय. ‘/व्हार/लॉग/जर्नल’ हे फोल्डर बनवा आणि मशीन एकदा रीस्टार्ट करा. पुढच्या वेळी पुरावा राहील.

बरोबर तीन दिवसांनी पडतो

हे दुखणं फक्त विंडोजवर दिसतं आणि निदान एका मिनिटाचं आहे. सर्व्हर टास्क शेड्युलरमधून लावला असेल तर टास्कच्या सेटिंग्ज टॅबमध्ये ‘टास्क ३ दिवसांपेक्षा जास्त चालला तर थांबवा’ ही खूण आधीपासून केलेली असते. ७२ तास झाले की विंडोज सर्व्हर बंद करतं, आणि त्याच्या हिशेबी सगळं सुरळीत झालेलं असतं. ती खूण काढा.

तिथे गेलातच आहात तर शेजारचा कंडिशन्स टॅबही उघडा. ‘मशीन एसी पॉवरवर असेल तरच सुरू करा’ आणि ‘बॅटरीवर गेलं तर थांबवा’ या दोन खुणाही आधीपासून असतात. जुना लॅपटॉप सर्व्हर म्हणून वापरण्यामागचं मोठं आकर्षण म्हणजे त्याची बॅटरी. लाइट गेली तरी दोन तास चालेल म्हणून तो निवडायचा आणि लाइट जाताच विंडोजनं स्वतःच सर्व्हर बंद करायचा, असा हा प्रकार. दोन्ही खुणा काढा.

टास्क ‘अ‍ॅट स्टार्टअप’वर लावा आणि ‘वापरकर्ता लॉगिन असो वा नसो, चालवा’ हा पर्याय निवडा. स्टार्टअप फोल्डरमध्ये शॉर्टकट टाकून भागत नाही. तो लॉगिन झाल्यावरच चालतो, आणि पहाटे आपोआप रीस्टार्ट झालेलं मशीन लॉगिनच्या पडद्यावर सकाळपर्यंत थांबून राहतं. या पर्यायात काळी खिडकी दिसत नाही, म्हणून सर्व्हरला आज्ञा देण्यासाठी आरकॉन, म्हणजे नेटवर्कवरून आज्ञा पाठवण्याची सोय, चालू करावं लागतं. माइनक्राफ्टमध्ये त्याचा पोर्ट २५५७५. तो घरातच ठेवा, राउटरवर बाहेर उघडू नका.

महिन्यातून एकदा, बुधवार-गुरुवारच्या पहाटे

मायक्रोसॉफ्टचे मासिक अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळी १० वाजता सुटतात. आपल्याकडे तेव्हा मंगळवारचे रात्री साडेदहा, हिवाळ्यात साडेअकरा झालेले असतात. रात्रीतून उतरतात, आणि ‘अ‍ॅक्टिव्ह अवर्स’च्या बाहेरची वेळ सापडली की रीस्टार्ट.

अ‍ॅक्टिव्ह अवर्स जास्तीत जास्त १८ तासांचे ठेवता येतात. शाळा-कॉलेजची मुलं रात्री खेळतात, म्हणून सकाळी ११ ते पहाटे ५ असे ठेवा; रीस्टार्टला पहाटे ५ ते सकाळी ११ मोकळे राहतात. अपडेट पाच आठवड्यांपर्यंत थांबवताही येतात, पण ते कायमचं धोरण करू नका. पोर्ट बाहेर उघडलेलं मशीन जुनं ठेवणं म्हणजे दाराला नुसती कडी लावून गावाला जाणं आहे. दुसऱ्या मंगळवारनंतरच्या एखाद्या सकाळी हातानं अपडेट लावून रीस्टार्ट द्या, महिनाभर कटकट नाही. मोठ्या देखभालीला दिवस हवा असेल तर रंगपंचमीची सकाळ उत्तम. गेर (रंगपंचमीची मिरवणूक) संपेपर्यंत इंदूरमध्ये कुणी ऑनलाइन येत नाही.

विंडोज १० ची नियमित मोफत अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. बऱ्याच जुन्या पीसींना टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि नव्या प्रोसेसरची अट असल्यामुळे विंडोज ११ चालत नाही. ‘लिनक्स टाक’ या सल्ल्याला इथे खरं वजन आहे.

उबुंटू आणि डेबियनवर अनअटेंडेड-अपग्रेड्स सुरक्षेचे अपडेट आपोआप लावतं, पण सांगितल्याशिवाय मशीन रीस्टार्ट करत नाही. ते सकाळी ६ ते ७ च्या दरम्यान चालतं आणि त्यात एखादी सेवा पुन्हा सुरू होऊ शकते. तेव्हा सकाळी सहा-सातला एखादा मिनिट डेटाबेस गायब होत असेल तर घाबरू नका, आणि बॅकअपची वेळ तिथे ठेवू नका.

स्क्रीन चालू, खिडकी उघडी, सर्व्हर मात्र पुतळा

सगळे खेळाडू एकदम अडकतात, मग बाहेर फेकले जातात. मशीनवर जाऊन बघावं तर प्रोसेसर निवांत, काळी खिडकी जागच्या जागी, त्रुटीची एक ओळ नाही. खिडकीच्या वरच्या पट्टीकडे बघा. नावाआधी ‘सिलेक्ट’ असा शब्द आलेला असेल आणि आत कुठेतरी एक पांढरा चौकोन असेल. कुणीतरी, बहुधा टेबल पुसताना, त्या खिडकीत क्लिक केलंय. क्विक एडिट चालू असताना क्लिक म्हणजे मजकूर निवडणं; निवड चालू आहे तोवर विंडोज खिडकीत नवी ओळ लिहू देत नाही, आणि ओळ लिहायला थांबलेला सर्व्हर तिथेच थिजतो. एस्केप दाबा, सुरू होईल. कायमचं हवं तर खिडकीच्या प्रॉपर्टीजमध्ये क्विक एडिटची खूण काढा, किंवा वर सांगितल्याप्रमाणे खिडकीशिवाय चालवा.

कुणी वापरत नसताना मरतो

ही झोप आहे. विंडोजवर पॉवर सेटिंगमध्ये स्लीप ‘नेव्हर’ करा, मग अ‍ॅडमिन म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पॉवरसीएफजी /एच ऑफ’ द्या. यानं हायबरनेट आणि फास्ट स्टार्टअप दोन्ही जातात. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क कार्डच्या पॉवर मॅनेजमेंट टॅबवर ‘वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू द्या’ ही खूण असते, तीही काढा.

लिनक्सवर लोक फसतात ते डेस्कटॉप आवृत्ती टाकून. डेबियनवर ग्नोम हा डेस्कटॉप असेल तर नुसता लॉगिनचा पडदा उघडा असतानाही मशीन काही मिनिटांनी झोपी जातं. झोपेचे चारही मार्ग बुजवा: ‘सिस्टिमसीटीएल मास्क’ आणि पुढे स्लीप, सस्पेंड, हायबरनेट, हायब्रिड-स्लीप, प्रत्येकाला डॉट टार्गेट जोडून. लॅपटॉप असेल तर ‘/ईटीसी/सिस्टिमडी/लॉगइनडी.कॉन्फ’मध्ये ‘हँडललिडस्विच=इग्नोर’ करा, म्हणजे झाकण मिटलं तरी चालत राहील.

लॉगआउट करताच सर्व्हर मरत असेल तर तो बहुधा युझर सेवा म्हणून लावलेला आहे. ‘लॉगइनसीटीएल एनेबल-लिंगर’ आणि पुढे वापरकर्त्याचं नाव, एवढंच. किंवा सरळ सिस्टिम सेवा करा, ते जास्त बरं.

संध्याकाळी गर्दी झाली की मरतो

मेमरी. लिनक्सवर कर्नल मेमरी संपली की सर्वांत मोठ्या प्रोग्रॅमचा बळी देतं, आणि घरच्या मशीनवर सर्वांत मोठा प्रोग्रॅम आपला सर्व्हरच असतो. जर्नलमध्ये ‘आउट ऑफ मेमरी’ किंवा ‘ओओएम-किल’ शोधा. डॉकरमध्ये (प्रोग्रॅम वेगळ्या कप्प्यात चालवण्याची सोय) चालवत असाल तर एक्झिट कोड १३७ दिसतो (१२८ अधिक ९, ९ म्हणजे सक्तीनं मारलं). उबुंटू डेस्कटॉपवर २२.०४ पासून सिस्टिमडी-ओओएमडी हा आणखी एक पहारेकरी आहे. तो मेमरी पूर्ण संपायच्या आधीच, नुसता ताण वाढला म्हणून मारतो. नुसत्या सर्व्हरसाठी डेस्कटॉप नकोच, हे त्याचंही एक कारण.

जावाला ‘एक्सएमएक्स’नं दिलेला आकडा हा फक्त हीपचा, म्हणजे प्रोग्रॅमच्या डेटाच्या मेमरीचा, असतो. धागे, कोड, बफर यांना वेगळी जागा लागते, कधी एक-दीड जीबी. ८ जीबीच्या मशीनवर ‘एक्सएमएक्स ७जी’ लिहिणारे नेमके हेच विसरतात. तिथे ४जी द्या, शिवाय २ ते ४ जीबीची स्वॅप फाइल ठेवा.

विंडोजवर असा बळी जात नाही, पण पेजफाइल हातानं लहान केली असेल तर जावाला जागा मिळत नाही आणि तो सर्व्हरच्या फोल्डरमध्ये ‘एचएस_ईआरआर’नं सुरू होणारी फाइल टाकून मरतो. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये २००४ क्रमांकाची नोंद येते, तिच्यात सर्वाधिक मेमरी खाणाऱ्या तीन प्रोग्रॅमांची नावं असतात. पेजफाइल ‘सिस्टिम मॅनेज्ड’वर परत करा.

मेल्यावर आपोआप उठण्यासाठी सिस्टिमडीच्या (लिनक्सवर सेवा सुरू-बंद करणारा प्रोग्रॅम) युनिटमध्ये, म्हणजे सेवेच्या फाइलमध्ये, ‘रीस्टार्ट=ऑन-फेल्युअर’ सगळेच लिहितात, पण ‘रीस्टार्टसेक’ विसरतात. ते नसेल तर सिस्टिमडी दर १०० मिलिसेकंदांनी प्रयत्न करतं, आणि १० सेकंदांत ५ प्रयत्न फसले की नाद सोडतं. अर्ध्या सेकंदात पाचही संधी जातात. पोर्ट मोकळा व्हायला किंवा डिस्क जोडली जायला तेवढाही वेळ मिळत नाही. ‘रीस्टार्टसेक=१५’ लिहा. जावासाठी ‘सक्सेसएक्झिटस्टेटस=१४३’ही घाला, नाहीतर तुम्ही स्वतः रीतसर थांबवलं तरी सिस्टिमडी त्याला अपयश म्हणतं.

आठवडे-महिने चालून मग मरणारा सर्व्हर बहुतेक डिस्क भरल्यानं मरतो. ‘डीएफ -एच’ बघा आणि जागा दिसत असूनही लिहिता येत नसेल तर ‘डीएफ -आय’ बघा. लहान फाइलींनी आयनोड, म्हणजे फाइलींच्या नोंदीच्या जागा, संपलेले असतात. डॉकरच्या लॉगला मूळ सेटिंगमध्ये मर्यादा नाही. ‘मॅक्स-साइझ’ १० एमबी आणि ‘मॅक्स-फाइल’ ३ ठेवा.

लाइट गेली-आली की

इंदूरमध्ये सर्वांत जास्त तक्रारी मे संपताना आणि जूनच्या पहिल्या वादळांत येतात. लाइट दिवसातून चार वेळा झबकते आणि प्रत्येक झबक्यानंतर काहीतरी उठत नाही. ही एक तक्रार नाही, पाच-सहा वेगळ्या बिघाडांची रांग आहे. एक सुटला की पुढचा दिसतो.

घरात इन्व्हर्टर असूनही पीसी रीस्टार्ट होतो? इन्व्हर्टरच्या मागे किंवा पुढे ‘यूपीएस’ आणि ‘नॉर्मल’, ‘ईको’ किंवा ‘वाइड’ असं बटण असतं. पीसीचा एसएमपीएस (आतला वीज पुरवणारा डबा) वीज तुटल्यावर पूर्ण भारावर साधारण १६ मिलिसेकंद तग धरेल अशी अपेक्षा असते. यूपीएस मोडमध्ये बदल साधारण १० मिलिसेकंदांत होतो, दुसऱ्यात त्याच्या दुप्पट-तिप्पट वेळ जातो. बटण यूपीएसवर करा. मात्र या मोडमध्ये व्होल्टेजची मर्यादा अरुंद असते, म्हणून व्होल्टेज खाली घसरणाऱ्या गल्लीत इन्व्हर्टर वरचेवर बॅटरीवर जाईल. तिथे इन्व्हर्टर आहे तसा ठेवून सर्व्हरला वेगळा छोटा यूपीएस द्यावा. ६०० व्हीएचा, आतल्या १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांच्या बॅटरीसह. ५०-६० वॉट खाणारा पीसी नव्या बॅटरीवर अर्ध्या तासाच्या आसपास चालतो. २५ अंशांच्या वर दर १० अंशांमागे शिसे-आम्ल बॅटरीचं आयुष्य जवळजवळ निम्मं होतं. गच्चीखालच्या खोलीतला यूपीएस दोन उन्हाळ्यांत फुसका होतो तो त्यामुळे.

लाइट आल्यावर पीसी चालूच होत नाही? बायोसमध्ये ‘रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस’ किंवा ‘एसी बॅक’ अशी ओळ शोधा आणि ‘पॉवर ऑन’ करा. ‘लास्ट स्टेट’ नको. यूपीएस संपत आला म्हणून मशीन रीतसर बंद झालं असेल तर त्याची शेवटची अवस्था ‘बंद’ असते, मग लाइट आली तरी ते बंदच राहतं.

पंखा फिरतोय, सर्व्हर नाही? मॉनिटर लावा. जुन्या बोर्डवर ‘एफ १ दाबा’ असं लिहून आलेलं असतं. बोर्डावरची सीआर २०३२ ही नाण्याएवढी बॅटरी संपली आहे. वीज पूर्ण गेली की तारीख आणि बायोसच्या सगळ्या सेटिंग्ज, वरचं ‘पॉवर ऑन’सुद्धा, पुसल्या जातात. नव्या बॅटरीला मीटरवर ३ व्होल्ट येतात; २.८ च्या खाली गेली असेल तर बदलून टाका, इंदूरच्या सिल्व्हर मॉलमध्ये कुठेही मिळेल. कीबोर्ड जोडलेला नाही म्हणूनही काही बोर्ड असंच थांबतात, त्यावर ‘हॉल्ट ऑन’ला ‘नो एरर्स’ करा.

लिनक्स ‘इमर्जन्सी मोड’मध्ये थांबलंय? ‘/ईटीसी/एफएसटॅब’मध्ये बाहेरची यूएसबी डिस्क लिहिलेली असते आणि ती वेळेत जागी होत नाही. दीड मिनिट वाट बघून सिस्टिम बूटच सोडून देते. त्या ओळीत ‘नोफेल’ आणि ‘एक्स-सिस्टिमडी.डिव्हाइस-टाइमआउट=१०’ घाला. ती डिस्क एक्सफॅटमध्ये असेल तर सर्व्हरचा डेटा तिच्यावर ठेवूच नका. एक्सफॅटला जर्नल नसतं, लिहिता लिहिता लाइट गेली की फोल्डर गायब होऊ शकतं. लिनक्सवर एक्स्ट-४, विंडोजवर एनटीएफएस.

मशीन उठलं, सर्व्हर उठला, तरी कुणाला सापडत नाही? लाइट गेली तेव्हा राउटरही बंद पडला होता. परत येताना त्यानं मशीनला वेगळा पत्ता दिला, आणि पोर्ट फॉरवर्डिंग अजून जुन्या पत्त्याकडे, म्हणजे आता कदाचित टीव्हीकडे, बोट दाखवतंय. राउटरच्या डीएचसीपी (पत्ते वाटण्याच्या) पानावर मशीनच्या मॅक पत्त्याला कायमचा पत्ता राखून ठेवा. शिवाय युनिटमध्ये ‘आफ्टर’ आणि ‘वॉन्ट्स’ दोन्हींना ‘नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट’ लिहा. मशीन वाय-फायवर असेल तर नेटवर्क मॅनेजरमधला पासवर्ड एका वापरकर्त्यापुरता साठवलेला असू शकतो आणि लॉगिनपर्यंत जोडणीच होत नाही. केबल ओढा, हा प्रश्नच मिटेल.

राउटर आणि फायबरच्या डबीसाठी १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस वेगळा मिळतो. घेण्याआधी अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचा, पिनची धन-ऋण बाजू बघा.

स्वस्त यूपीएसला यूएसबी नसते, मग लाइट गेल्याचं मशीनला कळणार कसं? जुगाड असा: गीझर किंवा एसीचा १६ अँपिअरचा पॉइंट सहसा इन्व्हर्टरवर नसतो. तिथे वाय-फायचा स्मार्ट प्लग लावा, राउटर यूपीएसवर ठेवा, आणि सर्व्हरवरून दर मिनिटाला त्या प्लगला पिंग करा. सलग तीन वेळा उत्तर नाही आलं की सर्व्हर सेव्ह करून मशीन बंद. यूएसबी असलेला यूपीएस असेल तर लिनक्सवर नट हे पॅकेज हेच काम जास्त नीट करतं.

घड्याळ साडेपाच तास पुढेमागे

एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील तर बोर्डावरचं घड्याळ विंडोज स्थानिक वेळ समजतं आणि लिनक्स जागतिक वेळ. पहाटे ४ चा बॅकअप मग साडेनऊला सुरू होतो. विंडोजच्या रजिस्ट्रीत ‘रिअलटाइमइजयुनिव्हर्सल’ १ करा. रास्पबेरी पाय या चिमुकल्या संगणकाच्या ४ पर्यंतच्या बोर्डांवर घड्याळच नाही, ५ वर आहे पण बॅटरी वेगळी लावावी लागते. लाइट आली, पाय उठला, राउटर अजून उठायचाय. तेवढ्या वेळात पायची तारीख जुनी असते आणि सुरक्षित जोडणीची प्रमाणपत्रं अवैध ठरतात. दोन-चार मिनिटांनी आपोआप सुधारत असेल तर कारण हेच.

पायवर आणखी एक बघायचं: ‘व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड’. उत्तर ०एक्स० नसेल तर वीज कमी पडते आहे किंवा तापतो आहे. पाय ४ ला ५.१ व्होल्ट ३ अँपिअर, पाय ५ ला ५ अँपिअरचा अडॅप्टर हवा. फोनचा चार्जर चालत नाही. ८० अंशांना तो स्वतःला हळू करू लागतो, आणि मे महिन्यात खोलीच ४० च्या पुढे असते. डेटा एसडी कार्डावर ठेवू नका, एसएसडी लावा.

मॅक मिनीवर ‘पीएमसेट -ए स्लीप ० ऑटोरीस्टार्ट १’ द्या आणि सेवा लाँच डीमन म्हणून लावा. लाँच एजंट लॉगिनची वाट बघतो. फाइलव्हॉल्ट (डिस्कचं कुलूप) चालू असेल तर रीस्टार्टनंतर पासवर्ड टाकेपर्यंत डिस्क उघडत नाही. लिनक्सच्या लक्सचंही तेच. फ्रीबीएसडी महिनोन्महिने शांत चालतं, पण स्वस्त बोर्डावरच्या रिअलटेक कार्डाला ‘वॉचडॉग टाइमआउट’ येऊ लागला तर रिअलटेक-आरई-केमॉड हे पॅकेज टाका.

आतून सगळं ठीक, बाहेरून नाही

राउटरच्या पानावर वॅनचा, म्हणजे बाहेरच्या बाजूचा, पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ मधला असेल तर तुम्ही कंपनीच्या सामायिक पत्त्यामागे, सीजीनॅटमागे, आहात. पोर्ट फॉरवर्डिंग कितीही नीट केलं तरी चालणार नाही, मग सिस्टिम कुठलीही असो. तीन मार्ग: कंपनीकडून स्थिर पत्ता विकत घेणं, आयपीव्ही६ वापरणं (मोबाइलवर आज बहुतेकांकडे असतं, राउटरच्या आयपीव्ही६ फायरवॉलमध्ये पोर्ट उघडावा लागतो), किंवा स्वस्त व्हीपीएस (इंटरनेटवरचा भाड्याचा सर्व्हर) घेऊन घरापर्यंत वायरगार्डचा बोगदा (व्हीपीएन). बोगद्यात घरच्या बाजूला ‘परसिस्टंटकीपअलाइव्ह = २५’ लिहा, नाहीतर काही वेळ कुणी आलं नाही की वाट बुजते आणि सर्व्हर सकाळी मेलेला दिसतो.

पत्ता सामायिक नसेल पण राउटर उठला की बदलत असेल तर डायनॅमिक डीएनएस, म्हणजे बदलत्या पत्त्यामागे जाणारं कायमचं नाव, लावा. पोर्ट टीसीपी की यूडीपी हेही तपासा: माइनक्राफ्ट जावा २५५६५ टीसीपी, बेडरॉक १९१३२ यूडीपी. विंडोजवर राउटर बदलला की नेटवर्क ‘पब्लिक’ ठरतं आणि ‘प्रायव्हेट’साठी दिलेली परवानगी लागू राहत नाही, तेही बघा.

मग कोणती सिस्टिम?

जो गेम सर्व्हर फक्त विंडोजवर चालतो त्याच्यासाठी विंडोज ११ प्रो. वरची सगळी कामं झाली की तो महिनाभर सहज टिकतो. बाकी सगळ्यासाठी डेबियन १३ किंवा उबुंटू सर्व्हर २४.०४, डेस्कटॉपशिवाय. ते अमर आहेत म्हणून नव्हे, पडले तर का पडले ते लिहून ठेवतात म्हणून. मॅक मिनी घरात असेलच तर वापरा, त्यासाठी नवा घेऊ नका.

सेटिंग्ज झाल्या की एक चाचणी घ्या. बॅकअप काढा, सर्व्हर रीतसर थांबवा, ‘सिंक’ द्या, आणि मशीन व राउटर दोन्हींची वीज भिंतीवरून बंद करा. लॅपटॉपवर मशीन मात्र रीतसर रीस्टार्ट करा, भिंतीवरून फक्त राउटर बंद करा. पाच मिनिटांनी वीज चालू करा आणि कशालाही हात लावू नका. दहा मिनिटांनी मोबाइल डेटावरून जोडा. नाही जोडलं तर मॉनिटर लावून कुठे अडलं ते वाचा: एफ १, इमर्जन्सी मोड, लॉगिनचा पडदा, की सगळं चालू असून बदललेला पत्ता. तेवढंच एक दुरुस्त करा आणि पुन्हा वीज बंद करा.